गुंडूअण्णांचे अर्धे गाऱ्हाणे

गुंडूअण्णांनी आपल्या सेवानिवृत्तीच्या समारंभात नेमके कोणत्या वाक्याला रडायचे, याची तालीम आदल्या रविवारी आमच्या व्हरांड्यात घेतली होती. साहेबांच्या जागी मी होतो. माझ्याकडून शाल पांघरून घेऊन, नारळ डाव्या काखेत धरून अण्णांनी उजव्या हाताने रुमाल काढला, डोळ्यांना लावला आणि तसेच थांबून म्हणाले, "न्हाय जमलं, सर. नारळ सुटायलाय. परत एकदा शाल द्या की." दुसऱ्या खेपेला नारळ टिकला, पण रडू आले नाही. पुढे दोन्ही जमले. प्रत्यक्ष समारंभात साहेबांनी नारळाऐवजी भिंतीवरचे घड्याळ दिले आणि अण्णांचा सगळा बेत कोलमडला. ते कोरड्या डोळ्यांनी घरी आले. "तालीम केलती," ते कितीतरी दिवस हळहळत होते, "पण नारळाची केलती. घड्याळाची न्हाय केलती."

त्या तालमीत मला भूमिका होती, हे मी येथे आवर्जून नमूद करतो. पुढे जे सांगायचे आहे त्यात ती नव्हती.

अण्णा अग्निशमन दलात होते. तेथे आग कमी आणि आगीची तालीम जास्त असते, असे ते स्वतःच सांगत. आठवड्यातून एकदा भोंगा वाजायचा, शिडी लागायची, कुणीतरी बेशुद्ध पडल्याचे सोंग घ्यायचे आणि त्याला खांद्यावर घालून खाली आणायचे. न लागलेल्या आगी आयुष्यभर विझवल्यामुळे अण्णांची अशी ठाम समजूत झाली होती, की ज्याची तालीम झाली नाही ते जगात घडूच नये. "एकदा करून बगूया की!" हे त्यांचे पालुपद. दात काढायला जाण्यापूर्वी ते आमच्या आरामखुर्चीत आ वासून बसत आणि माझ्या हातात चिमटा देऊन मला समोर उभे करीत. मुलीच्या लग्नात वरात कोपऱ्यावरून वळताना अडकू नये म्हणून त्यांनी नवरदेवाच्या घोड्याच्या जागी दूधवाल्याची मोटारसायकल फिरवून पाहिली होती. वरात घोड्याऐवजी मोटारीतून आली आणि कोपऱ्यावर अडकली.

आम्ही शहरातल्या अनगोळ भागात एका भिंतीचे शेजारी. आमच्या दोन गच्च्यांमध्ये गुडघाभर उंचीचा कठडा आहे. लहान मूलही ओलांडील असा. मी मूळचा निपाणीचा. शाळेत भूगोल शिकवला, निवृत्त झालो आणि चारचौघांत बोलायची वेळ येऊ नये अशा बेताने राहू लागलो. दारावरच्या पाटीवर 'आर. वाय. पाटील' एवढेच लिहिले आहे. गल्लीत मी 'सर' आणि घरात 'अहो'. माझी पत्नी सुमन संकेश्वरची आहे. उसाच्या मुलखात वाढल्यामुळे तिच्या हाताला साखरेचा अंदाज म्हणून नाही. सकाळच्या चहावरून आमची रोज थोडी चकमक होते आणि ती संपली की दिवस सुरू होतो. याहून अधिक उलाढाल आमच्या घरात नाही.

अण्णांच्या घरातली उलाढाल त्यांची पत्नी शांताक्का गेल्यावर थांबली. दोन पावसाळे झाले. मुलगी निपाणीला दिलेली. ती पंधरवड्याने येऊन भांडी घासूनपुसून जाई. त्या काळात अण्णांनी एकही तालीम घेतली नाही. मला ते चुकल्यासारखे वाटे, पण तसे त्यांना जाऊन सांगणे माझ्या स्वभावात बसत नव्हते.

आणि मग जावयाने सासऱ्यांना तंबू आणून दिला.

चौघांचा, दोन खणांचा, मध्ये पडदा असलेला, निळाशार तंबू. अण्णांनी तो उघडला, हुंगला आणि जाहीर केले की संक्रांत झाली की अणशीच्या राष्ट्रीय उद्यानात मुक्कामाला जायचे. अण्णांचे मूळ गाव खानापूर तालुक्यात, रानाला लागून. पण त्या रानात ते लहानपणी गुरांमागे जेवढे गेले तेवढेच. "रान बगितलंय, पण रानात पावणा म्हणून न्हाय गेलो," ते म्हणाले. "एकदा करून बगूया की!"

वनखात्याच्या परवानगीचे, वाहनाचे आणि तारखेचे काम त्यांनी कांबळेसाहेबांवर सोपवले. मिलिंद कांबळे आमच्या समोर राहतात. पाटबंधारे खात्यात मोठे अभियंते आहेत, रोज जीपने निपाणीला जातात आणि कोणतेही काम दोन फोनमध्ये उरकतात. ते उरकले. उरली ती तालीम.

पुढच्या रविवारी सकाळी मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेलो आणि थबकलो. कठड्यापलीकडे तंबू उभा होता. सिमेंटच्या गच्चीत खुंट्या कशा ठोकणार? अण्णांनी चार कोपऱ्यांना चार लाल बादल्या वाळूने भरून ठेवल्या होत्या आणि दोऱ्या त्यांच्या कड्यांना बांधल्या होत्या. सर्वांत विलक्षण होती ती जागा. एवढी मोठी गच्ची सोडून त्यांनी तंबू आमच्या कठड्याला चिकटून, अगदी कोपऱ्यात घातला होता. त्या कोपऱ्याखाली आमच्या स्वयंपाकघराचा झरोका उघडतो. आमच्याकडे मिरच्या परतल्या की तो सगळा ठसका थेट त्या तंबूत शिरणार, हे कुणालाही दिसत होते. मी भूगोलाचा शिक्षक. मी धीर करून म्हणालो, "अण्णा, इकडे वारा नेहमी पश्चिमेकडून येतो. तंबू टाकीच्या पलीकडे हलवला तर…"

"जागा ठरलीय, सर," अण्णा म्हणाले. "ती न्हाय हलायची."

येथून माझ्या हेव्याला सुरुवात झाली. तो मी लपवून ठेवू शकलो असतो. पण मग पुढचे काही खरे सांगता येणार नाही.

पहिल्या तालमीला पाच-सहा जण होते. दुसऱ्या रविवारी निम्मी गल्ली जमली. खडेबाजारात कापडाचे दुकान असलेले पोतदार कुंद्याच्या मिठाईचा डबा घेऊन आले. मोबाईलवर 'चला अणशी' नावाचा समूह निघाला. त्यात मला कुणीतरी घातले, मात्र मला उद्देशून त्यात एकही ओळ कधी आली नाही. आणि सुमन! मी बोलावल्यावर पाहुण्यांनी भरल्या घरातही 'आले हं' म्हणून अर्धा तास न येणारी सुमन, कठडा ओलांडून, पदर खोचून, पलीकडे उभी होती.

त्या दिवशी जनावर आले तर काय करायचे, याची तालीम होती. अण्णांच्या गळ्यात शिट्टी होती.

"गवा कोण?" अण्णांनी विचारले.

कुणी हलेना. शेवटी अण्णांनी घोंगडे कांबळेसाहेबांपुढे धरले.

"मी?" कांबळेसाहेब म्हणाले. "अहो, फाइली घेऊन आलेला माझ्या ऑफिसातला शिपाई आमच्या घराच्या खिडकीतून बघायलाय."

"त्यास्नी दिसूद्या की. गवा म्हंजे काय हलकं जनावर न्हाय. क्लास वनच हाय ते."

कांबळेसाहेब घोंगड्याखाली गेले. मग अण्णांची नजर फिरत फिरत सुमनवर आली. "वैनी, अस्वल व्हाल?" मला वाटले, आता ही उत्तर न देता कठडा ओलांडून परत येईल. सुमनने केसांचा अंबाडा सोडला, दोन्ही हात वर केले आणि असा काही आवाज काढला की पोतदारांच्या हातातून कुंद्याचा डबा पडला. सारी गच्ची हसली. सुमन तर हसता हसता खाली बसली. मी ओला टॉवेल पिळत उभा होतो. तो केव्हाच कोरडा झाला होता. तिचे असे हसणे मी कधी ऐकले होते, हे आठवून पाहत होतो आणि आठवत नव्हते.

"आमच्याकडे अस्वल कधी झाली नाहीस," खाली आल्यावर मी म्हणालो.

"तुम्ही कधी विचारलंय व्हय?" ती म्हणाली.

तालमीचा शेवट गाऱ्हाण्याने होई. अण्णांच्या गावाकडे अशी रीत आहे, की रानात मुक्कामाला शिरण्यापूर्वी शिवेवरच्या देवापुढे नारळ ठेवायचा आणि आत कोण कोण जाणार ते नावानिशी सांगायचे. म्हणजे राखणदार माणसे मोजून घेतो आणि तेवढीच मोजून परत देतो. ज्याचे नाव सांगायचे राहिले, त्याची जबाबदारी देवावर नाही. अण्णांनी पाण्याच्या टाकीला शेंदराचे बोट लावून तिचाच देव केला होता. तिच्यापुढे उभे राहून ते खर्ज लावीत.

"बा शिवेवरच्या देवा, रानाच्या राखणदारा! लेकरं तुझ्या दारात आल्याती. गुंडू आलाय…"

"व्हय म्हाराजा," सारे म्हणत.

"मिलिंद आलाय…"

"अण्णा, माझं नाव देवाला सांगू नका," कांबळेसाहेब दर वेळी म्हणत. "आम्ही देव मानत नाही. मी माझा मोजून परत येतो."

"तुम्ही मानू नकासा. पर त्यो मोजतोय तर मोजूद्या की! तुमचं काय जातंय?"

"बरं, मोजूदे," कांबळेसाहेब हसत. "पण मी 'व्हय म्हाराजा' म्हणणार नाही."

आणि यापुढे अण्णा थांबत. तंबू चौघांचा होता. दोन नावे झाली. गच्ची कान टवकारून उभी राही. अण्णा एकदा टाकीकडे पाहत, एकदा आपल्या पायांकडे पाहत, खाकरत आणि एकदम शेवटाला जात, "मोजून घे, मोजून परत दे, चुकलंमाकलं पोटात घाल!"

"अवो, बाकीची दोन?" पोतदार विचारीत.

"ठरल्याती."

"मग घ्या की नावं!"

"तितं गेल्यावर. हितं घेतली तर देव हितंच मोजून मोकळा व्हायचा."

ज्याने दात काढण्याचीही तालीम केली, त्याने गाऱ्हाणे अर्धे सोडावे, हे कुणालाच पटत नव्हते. साऱ्या गल्लीत त्या दोन नावांवरून तर्क सुरू झाले. पोतदारांचे नाव आघाडीवर होते, कारण दर रविवारी कुंदा होता. माझे नाव कुणीच घेतले नाही. मीही घेतले नाही. 'अण्णा, मलाही यायचे आहे' एवढे वाक्य मी आरशासमोर अनेकदा म्हणून पाहिले. कठड्यापाशी गेलो, की त्याचे 'काय अण्णा, बरे आहे ना?' असे होऊन जाई.

वास्तविक रानात जाण्याचा अधिकार कुणाचा असेल तर माझा होता, असे मला मनोमन वाटे. पस्तीस वर्षे मी सह्याद्रीच्या रांगा खडूने काढल्या होत्या, काळी नदी निळ्या खडूने वळवली होती आणि त्यांपैकी कशालाही हात लावला नव्हता. उघड्यावर मी एक रात्रही झोपलो नव्हतो. म्हणून मी शेवटी माझ्या परीने एक प्रयत्न केला. जुना कापडी नकाशा ट्रंकेतून काढला, समोच्चरेषा नव्याने शाईने गिरवल्या, लोंढा गावापासून पुढची वाट तांबड्या रंगात दाखवली आणि रविवारी तो घेऊन कठडा ओलांडला. अण्णांनी नकाशा दोन्ही हातांनी पसरला. "सर, लई झकास," ते मनापासून म्हणाले. त्यांनी कापड बोटांत चोळून पाहिले. "काय जाड हाय बगा! एकदा करून बगूया की!"

आणि त्यांनी तो तंबूत अंथरला. अर्ध्या तासाने कांबळेसाहेब सह्याद्रीवर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या चहाच्या कपाचे वर्तुळ जोयड्याच्या आसपास उमटले होते. "ओल येत नाही, सर," त्यांनी मला धीर दिला. "उत्तम नकाशा आहे."

त्या आठवड्यात मी स्वतःची तालीम करायचे ठरवले. सुमन दुपारी भजनाला गेली होती. झोपायच्या पिशवीत माणूस कसा मावतो, हे पाहण्यासाठी मी दुलईची खोळ काढली, तिच्यात पायांकडून शिरलो, बंद आतून बांधले आणि जमिनीवर आडवा झालो. छान वाटत होते. डोळे मिटून मी पाखरांचे आवाज कल्पित होतो. एवढ्यात दारात गॅसवाला ओरडला. मला बंद सापडेनात. त्याने पुन्हा हाक मारली. उठता येईना म्हणून मी गडगडत दाराकडे निघालो आणि अर्ध्यावर असताना दार उघडून सुमन आत आली. तिच्यामागे सिलिंडर खांद्यावर घेतलेला गॅसवाला होता.

"अहो," सुमन म्हणाली, "हे काय चाललंय?"

"खोळ कुठे उसवली आहे का, ते बघत होतो."

"आतनं?"

गॅसवाला सभ्य माणूस होता. त्याने सिलिंडर मला वळसा घालून आत नेला. संध्याकाळपर्यंत मला वाटत होते की सुमन हे कुणाला सांगणार नाही. रविवारी मला पाहताच कांबळेसाहेबांनी खोकल्याची उबळ आवरली.

त्याच रविवारी मला आणखी एक गोष्ट दिसली आणि ती खोळीपेक्षा अधिक लागली. सारे पांगल्यावर टाकीपाशी अण्णा आणि सुमन दोघेच उभे होते. अण्णांनी इकडेतिकडे पाहून, खाली वाकून, तिला हलकेच काहीतरी विचारले. सुमन लाजली. साठी उलटलेली माझी पत्नी पदर तोंडाला लावून लाजली, जोरजोराने मान हलवून 'नाही' म्हणाली आणि हसत हसत खाली आली.

"काय म्हणत होते अण्णा?" मी शक्य तितक्या निर्विकारपणे विचारले.

"काही नाही. तुम्हालाच विचारतील की." आणि पुन्हा हसली.

ते मला काहीच विचारायला आले नाहीत. उलट मला टाळू लागले. मी दिसलो की 'सर…' म्हणून सुरुवात करीत आणि मग हवा, ऊस, रस्त्यावरचे खड्डे अशा कशावर तरी घसरत. मी निष्कर्ष काढला, की तिसरे नाव सुमनचे आहे आणि तिला विचारून झाले आहे. चौथे पोतदारांचे आहे. आणि मला हे कसे सांगावे, हे त्यांना कळत नाही. बायको अस्वल होऊन रानात जाणार आणि नवरा खोळीत घरी राहणार. मी अण्णांचा किती हेवा केला, ते काय सांगू! त्यांच्या शिट्टीचा केला, बादल्यांचा केला, त्यांच्या त्या अशुद्ध, ऐसपैस, सगळ्यांना जवळ करणाऱ्या बोलण्याचा केला. तंबू आता आठवडाभर तसाच उभा असे. रविवारनंतर अण्णा तो काढीत नाहीत, याचाही मी हेवा केला.

निघायला चार-पाच दिवस उरले असताना मी ठरवले, की विचारायचेच. लोकांसमोर शक्य नव्हते. अण्णा सकाळी उठून गच्चीवर येतात, एवढे ठाऊक होते. सुमन स्वयंपाकघरात शिरण्याच्या आत मी पायात चपलाही न घालता वर गेलो. नुकते उजाडले होते. दूधवाल्याची मोटारसायकल कोपऱ्यावर फटफटत होती. अण्णा गच्चीवर दिसेनात. तंबूचे दार मात्र थोडे उघडे होते, आमच्या बाजूचे. आतून दोन पावले बाहेर आलेली दिसत होती.

अण्णा तंबूतच झोपत होते.

मी कठड्यावर टेकलो. एवढ्यात पायांखालून पातेल्याचा आवाज आला, इतका स्पष्ट की मी दचकलो. मग गॅस पेटल्याचा, मग डब्याचे झाकण निघाल्याचा. झरोक्यातून आमचे सगळे घर वर येत होते. "साखर संपत आली, सांगायचं म्हटलं तर माणूस जाग्यावर नाही," सुमन पुटपुटली. तिचे पुटपुटणे मी खाली असताना कधी ऐकले नव्हते. "सकाळी सकाळी कुठं गेलेत कुणास ठाऊक."

तंबूत हालचाल झाली. अण्णा कूस बदलून, झोपेतच असल्यासारखे, स्वतःशी म्हणाले, "आज सर बोलंनात. बरं न्हाय वाटतं."

खाली चहा उकळत होता.

"साखरेचं निघालंय, तरी सर गप्पच," अण्णा पुन्हा म्हणाले. आता आवाजात काळजी होती. "काय झालं आसंल?"

"अण्णा," मी म्हणालो, "मी इथे आहे."

तंबू आतून एकदम ढवळला. एक बादली कलंडली. अण्णा गुडघ्यांवर रांगत बाहेर आले. अंगाला घोंगडे गुंडाळलेले, केस विस्कटलेले. माझ्याकडे पाहून ते चोरी पकडल्यासारखे उभे राहिले.

"तुम्ही रोज इथे झोपता?"

"तालीम," अण्णा म्हणाले. मग त्यांनाच ते पुरेना. ते सांडलेली वाळू हाताने बादलीत भरू लागले. "शांता गेल्यापासनं खाली झोप लागंना, सर. खाली नुसत्या भिंती. सकाळी उठलं की भांडं वाजवायलाबी मीच. हितं तुमचं ऐकू येतंय. वैनी साखर घालत्यात, तुम्ही बोलतासा, मग वैनी बोलत्यात. ते झालं की मग कुठं उजाडल्यागत वाटतंय. आमच्यातबी व्हतं की हे. चहावरनं न्हवं, आंघोळीच्या पाण्यावरनं." बादली सरळ करीत ते म्हणाले, "लई नशीबवान हायसा बगा. मला तर हेवाच वाटतोय."

हा शब्द त्यांच्या तोंडून ऐकून मला कुठे पाहावे ते कळेना. मी टाकीकडे पाहिले.

मग, या बोलण्यानंतर निदान एवढे तरी विचारता येईल, असे वाटून मी म्हणालो, "अण्णा, गाऱ्हाण्यातली ती दोन नावे कुणाची?"

अण्णांनी वाळू टाकली. हात झटकले. माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "तुमची दोघांची की. आणि कुणाची? पैल्या दिवसापासनं. तितं रानात सकाळी जाग आल्यावर काय ऐकू? पोतदाराचं घोरणं?"

"मग ती घेत का नव्हता?"

"कशी घेऊ?" अण्णा एकाएकी चिडले; स्वतःवरच चिडावे तसे. "वैनीचं नाव ठाऊक हाय. तुम्ही रोज सकाळी हाक मारतासाच. तुमचं न्हाय! वैनी तुम्हाला 'अहो' म्हणत्यात. गल्ली 'सर' म्हणतीया. पाटीवर नुसती इंग्रजी अक्षरं. देवाला 'अहो आलाय' म्हणून कसं सांगू? आणि सर म्हटलं तर शाळा भरून सर हाईत, त्यो कुठला मोजायचा? वैनीला विचारलं, तर त्या नाव घ्यायला लाजल्या. तुम्हाला विचारायचं, तर एवढी वर्सं एका भिंतीला राहून, तुमच्या खुर्चीत आ करून बसून, आता म्हणू, सर, तुमचं नाव काय वो? तोंडच उचलंना."

माझे नाव मी पाटीवर लिहीत नाही, याला कारण आहे. वडिलांनी ते मोठ्या उमेदीने ठेवले. पुढे त्यांच्या मुलाने गाय पुढे गेल्याशिवाय रस्ता ओलांडला नाही. पहिल्या नोकरीत हजेरी-पत्रकावर ते वाचून शिपाईदेखील हसला होता. आई गेल्यानंतर ते कुणी उच्चारल्याचे मला आठवत नाही.

"रणधीर," मी म्हणालो.

अण्णा हसले नाहीत. त्यांनी ते दोनदा हळू म्हणून पाहिले, जड वस्तू उचलण्यापूर्वी हात लावून पाहावा तसे. मग घोंगडे नीट केले, टाकीपुढे उभे राहिले आणि खर्ज लावला.

"बा शिवेवरच्या देवा, रानाच्या राखणदारा! लेकरं तुझ्या दारात आल्याती. गुंडू आलाय, मिलिंद आलाय. सुमन आलीया. रणधीर आलाय."

तिथे दुसरे कुणीच नव्हते, म्हणून 'व्हय म्हाराजा' मलाच म्हणावे लागले. ते माझ्या अपेक्षेपेक्षा मोठ्याने आले.

"मोजून घे, मोजून परत दे," अण्णा म्हणाले आणि त्यांनी टाकीला हात जोडले.

"अहो!" झरोक्यातून सुमनची हाक आली. "चहा निवायलाय. आहात तरी कुठं तुम्ही?"

अण्णा वळले. तंबूत शिरता शिरता, दार धरून, काहीसे संकोचून म्हणाले, "सर, खाली जावा की. साखरेचं ऱ्हायलंय न्हवं का अजून."

मी खाली गेलो. स्वयंपाकघरात कप ओट्यावर ठेवलेला होता. मी एक घोट घेतला. त्या दिवशी डबा तळाला गेला होता म्हणूनच असेल, पण इतक्या वर्षांत प्रथमच साखर अगदी बेताची होती. मी झरोक्याखाली जाऊन उभा राहिलो, मान वर केली आणि वर्गाबाहेर कधी काढला नव्हता एवढा आवाज काढून म्हणालो, "सुमन, हा चहा आहे की काकवी?"

सुमनने साखरेचा डबा माझ्यापुढे धरला. "काकवी? अहो, अर्धाच चमचा घातलाय! डबा बघा, खडखडाट झालाय! सकाळी उठून गायब व्हायचं, आणि वर…"

ती बोलत राहिली. वर तंबूची चेन ओढल्याचा आवाज आला. सावकाश, वरपासून खालपर्यंत.

मी आणखी एक घोट घेतला. "शिवाय वेलदोडा कुठे आहे?" मी म्हणालो.